न्यूमोनिया, दमा, आरएसव्ही : घरी की वॉर्डात? मधल्या खाटेबद्दल

रातपाळी (धागाकर्ती)

डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या इमर्जन्सीत एकच पार्श्वसंगीत असतं, खोकला. शिकागोजवळच्या एका रुग्णालयात मी इमर्जन्सी डॉक्टर आहे. इथल्या मराठी ग्रुपवर एकाने वैतागून लिहिलं होतं, "आईला न्यूमोनिया म्हणून रात्रभर ठेवलं, ऑक्सिजन लावला, शिरेतून अँटिबायोटिक दिलं आणि सकाळी म्हणतात, त्यांना अ‍ॅडमिट केलेलंच नाही, त्या ऑब्झर्वेशनमध्ये आहेत!" त्यावर ग्रुपवर जे काही पेटलं, त्यात आग जास्त आणि माहिती कमी होती. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहाटे तीन वाजता ६८ वर्षांचे आजोबा येतात. तीन दिवस ताप, खोकला, आता जिना चढताना धाप. ऑक्सिजन ९२. एक्स-रेत उजवीकडे खाली डाग. पण माणूस शुद्धीवर आहे, नर्सशी गप्पा मारतोय, चहा कुठे मिळेल विचारतोय. घरी पाठवायचा धीर होत नाही. वॉर्डात टाकावं तर खाट नाही, आणि मिळाली तरी त्या वयात चार दिवस अंथरुणाला खिळणं महागात पडतं. पायातली ताकद जाते, रात्री भ्रम होतो, वर तिथले जंतू वेगळेच.

अशांसाठी काही रुग्णालयांत इमर्जन्सीला लागून एक छोटा विभाग असतो, ऑब्झर्वेशन युनिट. घर आणि वॉर्ड यांच्या मधली खाट ती हीच. थोड्याच खाटा, ठरलेले डॉक्टर आणि नर्स, प्रत्येक आजारासाठी आधीच लिहून ठेवलेला क्रम, आणि साधारण २४ तासांत निर्णय. सुरुवात झाली ती छातीत दुखणाऱ्या रुग्णांपासून. ईसीजी ठीक, पहिलं ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) ठीक, मग काही तासांनी परत तपासा आणि हृदयविकार आहे की नाही ते सांगून टाका. त्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं.

श्वसनाच्या संसर्गात तसं नाही. न्यूमोनिया आहे हे पहिल्या तासातच कळलेलं असतं. कळायचं असतं ते हे की माणूस कोणत्या दिशेने चाललाय. म्हणून या खाटेवर कुणाला ठेवायचं ही निवडच सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त युनिटं इथेच गडबडतात. वॉर्डात जागा नाही म्हणून ढकला इकडे, असं झालं की युनिट संपलं.

सगळ्यात चांगला बसतो दमा. सर्दीच्या विषाणूने भडकलेला दमा इमर्जन्सीत येतो, तासाभरात सॅल्ब्युटॅमॉलचे (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) डोस होतात, स्टिरॉइड दिलं जातं. पण स्टिरॉइडचा गुण यायला चार ते सहा तास लागतात. दुसऱ्या तासाला जो शिट्ट्या वाजवत बसलेला असतो, तोच आठव्या तासाला संडासापर्यंत चालत जाऊन येतो आणि घरी कधी सोडता म्हणून मागे लागतो. शिकागोच्याच कुक काउंटी रुग्णालयात नव्वदच्या दशकात यावर चाचणी झाली होती. इमर्जन्सीत सुधारणा न झालेल्या दम्याच्या रुग्णांपैकी काहींना वॉर्डात टाकलं, काहींना अशा युनिटात, आणि कोण कुठे जाणार हे नशिबावर सोडलं. युनिटातले निम्म्याहून जास्त तिथूनच घरी गेले, खर्च कमी आला आणि परत दम लागून येण्याचं प्रमाण काही वाढलं नाही.

सीओपीडीचं, म्हणजे विडी किंवा धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचं, गाडं मात्र दिवसांच्या हिशोबाने सुधारतं, तासांच्या नाही. त्यामुळे ते रुग्ण युनिटातून वॉर्डात जाण्याचं प्रमाण बरंच असतं. फ्लू झालेला, ओकून ओकून कोरडा पडलेला माणूस उत्तम. सलाईन, ओसेल्टामिविर (फ्लूचं औषध), ताप उतरवणं, दुसऱ्या दिवशी पेज जायला लागली की घरी.

न्यूमोनियाबद्दल माझा नियम साधा आहे. उद्या सकाळीही याला ऑक्सिजन लागणार हे आजच दिसत असेल, तर त्याला इथे ठेवू नये. भ्रम झालेला, रक्तदाब घसरलेला, छातीत पाणी झालेला, केमो किंवा प्रत्यारोपणाची औषधं चालू असलेला, हेही नकोत. आमच्याकडे युनिटातल्या पाच जणांपैकी साधारण चार जण घरी जावेत अशी अपेक्षा असते. सगळेच घरी जायला लागले तर आपण उगीच ठेवतोय, आणि निम्मे वॉर्डात जायला लागले तर निवड चुकतेय.

प्रश्न विचारा. पैशाचे सोडून, ते मला नीट कळत नाहीत. :)

---

सुमार_वाचक

ताई, उत्तम धागा. पण पैशाचंच विचारतो, कारण पुण्यात पहिला प्रश्न तोच. आमच्या मेडिक्लेममध्ये २४ तास अ‍ॅडमिट असल्याशिवाय क्लेम नाही. मग १४ तासांत बरं करून घरी पाठवणारा डॉक्टर आम्हाला परवडायचा कसा?

---

वरदायिनी

सुमार_वाचक, नेमकं बोललात. मी पुण्यात फिजिशियन आहे आणि हे रोज ऐकते. पॉलिसीत हॉस्पिटलायझेशनची व्याख्याच मुळी सलग २४ तास इनपेशंट अशी असते. अपवाद डे-केअर यादीतल्या प्रक्रियांचा. मोतीबिंदू, डायलिसिस, केमो त्यात येतात. नेब्युलायझेशन, ऑक्सिजन आणि बारा तास लक्ष ठेवणं यात येत नाही. त्यामुळे दुपारी दोनला आलेला दम्याचा रुग्ण रात्री दहाला ठणठणीत असतो आणि नातेवाईक हळूच विचारतात, "मॅडम, उद्या दुपारपर्यंत राहू द्या की." खाट अडते, आणि बाहेर खरोखर धापणारा माणूस व्हीलचेअरवर बसून असतो.

आणखी एक गंमत. बऱ्याच पॉलिसींत घरी राहून घेतलेल्या उपचारांचं कलम असतं, पण त्यातून वगळलेल्या आजारांची यादी वाचा. दमा, ब्राँकायटिस, इन्फ्लुएंझा, सर्दी-खोकला! जे आजार घरी नीट सांभाळता येतात तेच वगळलेले.

---

उंटावरचा_शहाणा

रातपाळी, पैशाचं मी घेतो. न्यू जर्सीत असतो, विम्याच्या क्षेत्रातच नोकरी, डॉक्टर नाही. (आयडीकडे बघून घ्या.)

अमेरिकेत नेमकं उलटं दुखणं आहे. ६५ वरच्यांचा सरकारी विमा, मेडिकेअर, ऑब्झर्वेशनला बाह्यरुग्ण धरतो. खाट तीच, ऑक्सिजन तोच, जेवणाचा ट्रेही तोच, पण हिशोब पार्ट ए (भरती रुग्णांचा भाग) ऐवजी पार्ट बी (बाह्यरुग्णांचा भाग) मध्ये. म्हणजे प्रत्येक सेवेवर सहसा २० टक्के रुग्णाचे. घरची रोजची बीपीची, थायरॉइडची गोळी रुग्णालयाने दिली तर तिचं बिल वेगळं येऊ शकतं, कारण स्वतः घेण्यासारखी औषधं बाह्यरुग्णाला पार्ट बी सहसा देत नाही.

खरा फटका पुढे बसतो. न्यूमोनियानंतर आजीला चालायला शिकवण्यासाठी नर्सिंग सुविधेत ठेवायचं असेल, तर पारंपरिक मेडिकेअर त्याचे पैसे तेव्हाच देतं जेव्हा आधी सलग तीन दिवस इनपेशंट म्हणून काढलेले असतात. ऑब्झर्वेशनच्या रात्री यात धरत नाहीत. दोन रात्री ऑब्झर्वेशन, दोन रात्री अ‍ॅडमिट, एकूण चार रात्री रुग्णालयात, आणि तरी हक्क नाही!

ऑक्टोबर २०१३ पासून दोन मध्यरात्रींचा नियम आहे. रुग्णाला दोन मध्यरात्री ओलांडाव्या लागतील असं डॉक्टरला सकारण वाटत असेल तर इनपेशंट, नाहीतर ऑब्झर्वेशन. २०१५ च्या कायद्याने ऑब्झर्वेशन २४ तासांच्या वर गेलं की रुग्णाला लेखी सूचना देणं बंधनकारक झालं. त्या कागदावर लोक डिस्चार्जच्या घाईत सही करून मोकळे होतात. ज्यांचे आईवडील ग्रीन कार्डावर पाच वर्षं काढून मेडिकेअर विकत घेतात, त्यांनी तो कागद वाचावा आणि डॉक्टरांना तोंडावर विचारावं, इनपेशंट की ऑब्झर्वेशन?

---

रातपाळी

उंटावरचे शहाणे, धन्यवाद. एक भर घालते. प्रत्येक रुग्णालयात वेगळं युनिट असतंच असं नाही. कित्येक ठिकाणी वॉर्डातल्याच खाटेवर ठेवतात आणि कागदावर तेवढं ऑब्झर्वेशन लिहितात. तिथे ना ठरलेला क्रम, ना दर दोन-चार तासांनी बघणारा डॉक्टर. राउंड सकाळी. म्हणजे या पद्धतीचा फायदा शून्य आणि बिलाचा त्रास पुरेपूर. ग्रुपवरच्या त्या काकूंचं बहुधा असंच काहीतरी झालं असावं.

---

विलायती_चिंच

इंग्लंडातून हजेरी. मी इथे ए अँड ई मध्ये, म्हणजे इथल्या इमर्जन्सीत, नर्स आहे. आमच्याकडे पैशाचा प्रश्न नाही, घड्याळाचा आहे. आलेल्या रुग्णाचा चार तासांत निकाल लावायचा, असं सरकारी लक्ष्य. २००४ च्या अखेरीस ९८ टक्के होतं, २०१० मध्ये ९५ वर आणलं. हल्ली ते गाठणं कठीणच झालंय, पण मोजतात अजूनही. त्यामुळे क्लिनिकल डिसिजन युनिट नावाची जी जागा असते, तिच्यात तीन तास पन्नास मिनिटांनी रुग्ण ढकलण्याचा मोह सगळीकडे असतो. घड्याळ थांबतं, रुग्ण तसाच. रातपाळीताईंचं ते "ढकला इकडे" वाचून हसू आलं, आणि हसू येऊन बरं वाटलं नाही.

पण एक गोष्ट आमच्याकडे मला खरंच आवडते. न्यूमोनियासाठी कर्ब-६५ वापरतात. भ्रम, युरिया ७ च्या वर, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त, रक्तदाब वरचा ९० च्या खाली किंवा खालचा ६० पर्यंत, वय ६५ किंवा पुढे. प्रत्येकाला एक गुण. शून्य-एक घरी, तीन आणि पुढे वॉर्ड. दोन गुणवाल्यांचं काय, तर थोडा काळ रुग्णालयात किंवा रुग्णालयाच्या देखरेखीखाली घरी. २००३ मध्ये हे छापून आलं तेव्हाच ही मधली पायरी त्यात होती.

---

वरदायिनी

कर्ब-६५ मी पण वापरते, पण एका गोष्टीसाठी सांभाळून. त्यात ऑक्सिजनच नाही! ३२ वर्षांचा तरुण, ऑक्सिजन ८६, श्वास २८, रक्तदाब उत्तम, गुण शून्य. त्याला घरी पाठवणार का? कोविडमध्ये अशी तरणीताठी पोरं मोबाईलवर बोलत बोलत आत यायची आणि बोटाला लावलेला आकडा बघून आमच्याच पोटात गोळा यायचा.

---

तांबडा_पांढरा

एवढी चर्चा वाचून आमच्या कॅज्युअल्टीची आठवण आली. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी नोकरी केलीय. तुमचं जे युनिट हाय ते आमच्याकडे पूर्वीपासून हाय, फक्त पाटी नाही. कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात दोन-तीन खाटा, एक ऑक्सिजनचा सिलिंडर, नेब्युलायझरला रांग. सिस्टर सांगतात, "मावशी, आजींना त्या खाटेवर बसवा, बघू सकाळपर्यंत." मावशींनाच विचारायचं, कालपेक्षा बरी दिसते का. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

जे नाही ते लिहिणं. रात्री आठला ऑक्सिजन किती, श्वास किती, बाराला किती, चारला किती, हे कागदावर नसतं. पाळी बदलली की नवीन डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतो. सुधारतोय का घसरतोय हेच बघायला ठेवलंय, आणि मागचा आकडाच नाही. मशिनीपेक्षा मला एक तक्ता आणि तो भरणारी एक सिस्टर द्या.

---

रातपाळी

तांबडा_पांढरा, तुमच्या शेवटच्या वाक्याची पाटी करून आमच्या युनिटात लावते. आणि श्वास मोजा, अंदाजाने लिहू नका! जगभर प्रत्येक चार्टवर श्वासाचा दर १८ किंवा २० असतो, कारण कुणी मोजत नाही. पूर्ण एक मिनिट छातीकडे बघायला कंटाळा येतो. पण घसरणाऱ्या रुग्णात बहुतेक वेळा तोच आकडा आधी हलतो, ऑक्सिजनच्याही आधी.

---

जांभूळबन

श्वास मोजण्यावरून राहवलं नाही. मी गडचिरोलीत आरोग्य कार्यकर्ता म्हणून काम केलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गावातल्या साध्या माणसांना आणि दायांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले, ते १९९० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ज्या दायांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं होतं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि श्वासागणिक मणी सरकवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आम्हाला तोंडपाठ असतात. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५०, एक ते पाच वर्षं ४०. तेवढा किंवा त्यावर गेला की श्वास जलद. बाळ शांत असताना मोजायचं, रडताना नाही. छाती आत खेचली जात असेल, दूध ओढत नसेल, झोपाळलेलं असेल, तर मोजत बसायचं नाही, गाडी बोलवायची.

---

पिल्लूची_आई

बाळांचा विषय निघालाय म्हणून. आम्ही मेलबर्नला. माझं बाळ पाच महिन्यांचं असताना ब्राँकिओलायटिस झाला, इमर्जन्सीच्या शॉर्ट स्टे मध्ये एक रात्र ठेवलं. तिथे त्यांनी म्हटलं तर काहीच केलं नाही! नाक साफ केलं, किती दूध प्यायलं ते लिहिलं, नॅपी मोजल्या. नेब्युलायझर नाही, अँटिबायोटिक नाही, स्टिरॉइड नाही. सासूबाई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर सारख्या विचारत होत्या, "अगं, वाफ तरी देताहेत का?" मला तेव्हा हसावं की रडावं कळेना. मग ठेवलं तरी कशाला?

---

रातपाळी

पिल्लूची_आई, तुम्हाला नीट उपचार मिळाले. ब्राँकिओलायटिसमध्ये, जो बहुतेक आरएसव्ही विषाणूमुळे होतो, सगळ्यात बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने बुजतात. दम्यासारखे स्नायू आवळलेले नसतात, म्हणून सॅल्ब्युटॅमॉलचा उपयोग होत नाही, उलट बाळाच्या छातीची धडधड वाढते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शनात सॅल्ब्युटॅमॉल नको, स्टिरॉइड नको, छाती थोपटण्याचं फिजिओही नको, आणि जिवाणूंचा संसर्ग नसेल तर अँटिबायोटिक नको, असं स्वच्छ लिहिलंय. सासूबाईंना सांगा, साध्या वाफेने भाजण्याचाच धोका जास्त.

ठेवलं कशाला, तर हा आजार तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शिखरावर असतो. दुसऱ्या दिवशी आलेलं बाळ पुढे चढणार आहे, सहाव्या दिवशी आलेलं उतरणीला लागलंय. ऑक्सिजनचा आकडा दोघांचा सारखा असला तरी निर्णय वेगळा. रात्रभर तीन गोष्टी बघतात. झोपेत ऑक्सिजन टिकतो का, नेहमीच्या निम्म्यापेक्षा जास्त दूध जातं का, आणि श्वास मध्येच थांबत नाही ना. अगदी तान्ह्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना तो थांबण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना आम्ही या युनिटात घेतच नाही, थेट वॉर्ड.

डेन्व्हरमधलं एक उदाहरण मला फार आवडतं. ते शहर समुद्रसपाटीपासून साधारण १६०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. तिथे बाकी सगळं ठीक असलेल्या बाळांनाही नुसत्या ऑक्सिजनसाठी वॉर्डात पडून राहावं लागायचं. तिथल्या डॉक्टरांनी इमर्जन्सीत आठ तास लक्ष ठेवून, ठीक असलेल्या बाळांना घरीच ऑक्सिजन लावून पाठवण्याची चाचणी केली, २००६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बहुतेक बाळं घरी सुखरूप राहिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी परत तपासायचं, ही अट होती. ती अट काढली तर मी असं धाडस करणार नाही.

---

सुमार_वाचक

एक शंका. हे सगळे खोकणारे एकाच हॉलमध्ये पडद्याआड ठेवायचे म्हणजे एकाचा फ्लू दुसऱ्याला, दुसऱ्याचा आरएसव्ही तिसऱ्याला. हे बिऱ्हाड एकत्र नांदणार कसं?

---

तांबडा_पांढरा

सुमारराव, तुम्ही सुमार नाही. आमच्याकडे त्यात टीबी धरा. दोन आठवड्यांच्या वर खोकला असलेला माणूस "न्यूमोनिया" म्हणून मधल्या खाटेवर, शेजारी दम्याची बाई, तिला आधीच स्टिरॉइड चालू. म्हणून कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न ऑक्सिजनचा आणि दुसरा "खोकला किती दिवस?" हाच पाहिजे. वजन उतरलंय, रात्री घाम येतो म्हटलं की खिडकीजवळची खाट, मास्क, आणि थुंकी सीबीनॅट तपासणीला (टीबीचा जंतू शोधायची चाचणी).

अजून एक. अमेरिकेच्या पुस्तकात बघून न्यूमोनियाला लिव्होफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक देऊन घरी पाठवू नका. ते टीबीच्या जंतूवर पण चालतं. आठवडाभर माणूस बरा वाटतो, निदान लांबतं, आणि वर जंतू त्या औषधाला सरावतो ते वेगळंच. तिकडचा क्रम जसाच्या तसा इकडे आणायचा नसतो तो असा.

---

रातपाळी

हे आमच्या लोकांनीही वाचावं. भारतातून नुकत्याच आलेल्या आईवडिलांच्या बाबतीत मी टीबीचा विचार करते, पण माझ्या सहकाऱ्यांच्या डोक्यात तो येईलच असं नाही. किती आठवडे खोकला आहे आणि पूर्वी टीबी झाला होता का, हे मुलांनी आपणहून सांगावं. लाज कसली?

जागेबद्दल, दार असलेल्या खोल्या नसतील तर फ्लू, कोविड, आरएसव्हीची चाचणी आधी आणि खाट नंतर. एकच विषाणू असलेल्यांना शेजारी ठेवता येतं. आणि नेब्युलायझरऐवजी स्पेसर (औषध धरून ठेवणारी नळी) लावून इन्हेलर. दमा फार तीव्र नसेल तर गुण तेवढाच येतो आणि खोलीभर फवारा उडत नाही. २०२२ च्या शरदात इथे आरएसव्ही, फ्लू आणि कोविड एकदम आले, मुलांच्या खाटा देशभर कमी पडल्या, तेव्हा हे सगळं आम्ही धावपळीत शिकलो.

---

वरदायिनी

पुण्यात आम्ही २००९ मध्येच शिकलो म्हणा. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, ३ ऑगस्टला, आणि नायडू रुग्णालयासमोर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगेत ज्याला नव्हता त्यालाही फ्लू झाला असेल. नंतर सरकारने अ, ब, क असे गट केले. साधा ताप-खोकला म्हणजे अ, चाचणी नाही, घरी. गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेही, तापाने फणफणलेले म्हणजे ब, ओसेल्टामिविर देऊन घरी. धाप, छातीत दुखणं, गुंगी, रक्तदाब कमी, थुंकीत रक्त, निळी नखं म्हणजे क, चाचणी आणि भरती. माझ्या मते मधल्या खाटेचे उमेदवार ब मधले असतात, घरी पाठवूनही जीव टांगणीला लागतो असे. त्यांच्यासाठी सरकारी कागदात जागा नव्हती.

---

विलायती_चिंच

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दल कुणीच बोललं नाही. सावळ्या, काळ्या त्वचेवर तो आकडा जास्त दाखवू शकतो. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा अभ्यास आला होता. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट होतं. त्यात आपल्यासारख्यांचा वेगळा हिशोब नव्हता, पण मी आपल्या लोकांच्या बाबतीत ९२-९३ ला निश्चिंत होत नाही. मेंदी, नेलपॉलिश, गार पडलेली बोटं, हेही बघा. आणि बसून ९५ असलेल्याला चालवून बघा.

---

वरदायिनी

चालवून बघण्याला माझं दुमत नाही! कोविडमध्ये महाराष्ट्रात घरोघर सहा मिनिटं चालण्याची चाचणी पोचली. बसून ९६, चालून ९१, म्हणजे काहीतरी शिजतंय. घरी सोडण्याआधी मी आजही प्रत्येकाला कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारायला लावते. ताप १०० च्या आसपास किंवा खाली, नाडी १०० पर्यंत, श्वास २४ पर्यंत, बाहेरून ऑक्सिजन न घेता किमान ९०, तोंडाने खातोय-पितोय, आणि बोलणं नेहमीसारखं. एवढं जुळलं की घरी. घरी बघायला कुणी आहे का हेही विचारते. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, एकटे आजोबा, मुलगा बंगळुरूला, तर आकडे कितीही छान असोत, ते आणखी एक रात्र माझ्याकडे.

---

सुमार_वाचक

शेवटचा प्रश्न, जरा स्वार्थी. आईला सीओपीडी आहे. कधी विडी ओढली नाही, जन्म गेला चुलीपुढे. घरी कॉन्सन्ट्रेटर आहे. सर्दी झाली की ऑक्सिजन ८९ दिसतो आणि बहीण घाबरून ५ लिटर करते, मग ९८ येतो आणि सगळ्यांना बरं वाटतं. बरोबर आहे ना?

---

तांबडा_पांढरा

नाही! आईला बरं वाटतंय का ते बघा. ९८ आल्यावर त्या झोपाळतात का, डोकं दुखतं का, हात थरथरतात का? सीओपीडीत ८८ ते ९२ हेच लक्ष्य असतं. त्याच्यावर नेलं तर काही रुग्णांत रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑस्ट्रेलियात टास्मानियामध्ये रुग्णवाहिकेतल्या रुग्णांवर चाचणी झाली होती, २०१० ला छापून आली. सरसकट भरपूर ऑक्सिजन दिलेल्यांपेक्षा मोजून दिलेल्यांत मृत्यू बरेच कमी. चुलीवरच्या सीओपीडीवाल्या बायका आमच्याकडे ढिगाने येतात आणि कॅज्युअल्टीत हीच चूक होते. आईंच्या डॉक्टरांना आजच फोन करून किती लिटर आणि किती आकडा हे लिहून घ्या, यंत्रावर चिकटवा. गुंगी असेल तर फोन नको, थेट दवाखाना.

---

रातपाळी

+१. आणि इमर्जन्सीत जायची वेळ आली तर तो कागद सोबत न्या. अनोळखी डॉक्टरला रात्री दोन वाजता त्याचा फार उपयोग होतो.

---

सुमार_वाचक

बोललो डॉक्टरांशी. १ ते २ लिटर, ८८ ते ९२, ठळक मार्करने लिहून चिकटवलं. गुंगी नाही, डोकं मात्र सकाळी दुखायचं, ते आईने कुणाला सांगितलंच नव्हतं. उद्या रक्तातला वायू तपासायला बोलावलंय.